आजीचं डोकं का दुखलं? ११८ एनई, हेडर आणि माझी एक चूक

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा, कारण सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतोय.

[इंजिन सुरू होण्याचा आवाज. मागून बारीक, एका तालात "टिक-टिक-टिक".]

ऐकलं? मोठा, घुमणारा आवाज आहे ना, तो सोडून द्या. मागची बारीक टिकटिक ऐका. ही टिकटिक मी जवळजवळ तीन आठवडे ऐकत होतो आणि मला वाटत होतं, वा, काय रेसिंग कारसारखा आवाज येतोय! आजचा भाग त्या टिकटिकीवर आहे. ती काय होती हे मला माझ्या आजीमुळे कळलं, आणि ज्या पद्धतीनं कळलं ते सांगायला आजही जरा जड जातं.

आधी गाडीबद्दल. आमचं घर फुलंब्रीत. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पण वर्क फ्रॉम होम मिळालं की लॅपटॉप घेऊन गावी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची गाडी आहे, प्रीमियर ११८ एनई. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही गाडी पाहिलीही नसेल. पद्मिनी माहिती असते, मुंबईची काळी-पिवळी. तीच कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेली. त्या कंपनीनं १९८५ मध्ये ही ११८ एनई आणली. बॉडी इटलीच्या फियाट १२४ ची, म्हणजे जिच्यावरून रशियात लाडा बनली तीच. आणि इंजिन जपानी. "एनई"चा अर्थच निसान इंजिन.

आता इंजिन कुठलं? निसानचं ए-१२. ११७१ सीसी, चार सिलिंडर, आपल्याकडे ५२ हॉर्सपॉवर. हेच इंजिन १९७० च्या डॅटसन १२०० मध्ये होतं, जपानात तिला सनी म्हणायचे. त्या सनीची एक कूपे होती, दोन दारांची, मागे उतरतं छप्पर. जपानात त्या छोट्या सनी वर्षानुवर्षं रेस ट्रॅकवर पळाल्या. आजही ऑस्ट्रेलियापासून जपानपर्यंत डॅटसन १२०० जपणारे, पळवणारे लोक आहेत.

म्हणजे बघा, शेडमध्ये धूळ खात पडलेल्या काकांच्या फॅमिली गाडीत एका क्लासिक स्पोर्ट्स कारचं इंजिन! हे मला एका रात्री दोन वाजता मोबाईलवर कळलं आणि माझी झोप उडाली. तिथूनच सगळं सुरू झालं.

रेसच्या सनीचं बॉनेट उघडलेले फोटो पाहिले तर पहिली नजर जाते ती हेडरवर. चार चकचकीत पाइप, वळणं घेत खाली जाणारे. आणि आमच्या गाडीत? बिडाचा एक काळा, गंजलेला, जाडजूड गोळा. त्याला म्हणतात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला धूर बाहेर पडतो. चार सिलिंडर, चार तोंडं. ती चार तोंडं एकत्र करून धूर एका पाइपात सोडायचा, हे मॅनिफोल्डचं काम. पण धूर सलग येत नाही, ठोके येतात. ए-१२ मध्ये क्रम असतो १-३-४-२. क्रँक अर्धा फेरा फिरली की एक ठोका. कंपनीच्या मॅनिफोल्डमध्ये हे चारही ठोके आखूड जागेत एकमेकांवर आदळतात.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा लांब पाइप. फोर-टू-वन प्रकारात १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी, कारण या जोड्यांचे ठोके लागोपाठ येत नाहीत. मग दोन पाइपांचा एक. गरम धुरात दाबाची लाट सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास पळते. पाइपाची लांबी नेमकी जमली, तर पुढे गेलेली लाट परत येताना सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. सगळं खरं आहे यातलं. फिजिक्स आहे, जादू नाही.

पण एक अट असते, आणि ती मी वाचून सोडून दिली. लांबी "नेमकी जमली तर" म्हणजे एका ठराविक आरपीएमला. रेसची सनी कायम वरच्या आरपीएमला पळते. तिची कॅम वेगळी, कार्ब्युरेटर वेगळे, कॉम्प्रेशन वेगळं. आमची गाडी पळते फुलंब्री ते सिल्लोड, मध्ये ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, स्पीडब्रेकर. तिची सुई अडीच हजाराच्या आसपासच असते.

तरी मी केलं. का? खरं सांगू? कारण तो बिडाचा गोळा मला कुरूप वाटला.

आमचे मिस्त्री म्हणजे चाचा. मी लहान असल्यापासून ते काकांच्या गाड्या बघतात. त्यांना सांगितलं, चाचा, हेडर लावायचा. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "बेटा, तकलीफ काय आहे गाडीला?" मी म्हणालो, तकलीफ काही नाही. "मग?" मग याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "गाडी तुमची आहे." बस, एवढंच.

हेडर रेडिमेड मिळेना. शहरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला. त्यानं काम चांगलं केलं, हे मुद्दाम सांगतो. वळणं सुंदर, वेल्डिंग स्वच्छ. ड्रॉइंग माझं होतं. त्यानं विचारलं होतं, फ्लेंज किती जाडीची हवी? फ्लेंज म्हणजे इंजिनाला टेकणारी चपटी पट्टी, जिच्यात बोल्टची भोकं असतात. मी म्हणालो, तुमच्याकडे जी प्लेट असेल ती. त्याच्याकडे ६ मिलिमीटरची होती.

हे वाक्य लक्षात ठेवा. "तुमच्याकडे जी असेल ती." पुढचं सगळं त्यातून आलं.

जुना मॅनिफोल्ड काढताना दोन स्टड तुटले. चाळीस वर्षांचा गंज, तुटणारच. चाचांनी तापवून, गंज सोडवायचं तेल मारून, पाव फेरा पुढे, पाव मागे करत करत तुटलेले तुकडे काढले. पूर्ण एक दिवस गेला. मग हेडर बसला. गाडी सुरू केली. अहाहा! काय आवाज! काकू बाहेर आली, शेजारचे आले, मी रील टाकली.

मी इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय कसं सोडणार? चौका घाटात आधीच एक टेस्ट करून ठेवली होती. पहाटे, रस्ता रिकामा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० ला किती वेळ लागतो ते फोनच्या जीपीएसवर. जुन्या मॅनिफोल्डवर तीन वेळा केली, सरासरी १०.४ सेकंद. हेडरवर तीन वेळा, सरासरी १०.९.

हो. हळू झाली होती गाडी.

फरक इतका लहान की फोनच्या जीपीएसची चूक धरली तर "काहीच फरक नाही" म्हणावं लागेल. पण वेगवान झाली असं तर कुठल्याच हिशेबानं म्हणता येत नव्हतं. मी ते आकडे कोणाला दाखवले नाहीत. रील आवाजाची होती, आकड्यांची नव्हती.

आणखी एक झालं. डिसेंबर लागला. सकाळी गाडी गुरगुरायची, बंद पडायची. चोक ओढून पाच-सात मिनिटं ठेवला की मग सुधारायची. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, थंडीत असं होणारच. आधी होत नव्हतं, याच्याकडे मी काणाडोळा केला.

आता मूळ गोष्ट. डिसेंबरातली सकाळ. आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात न्यायचं होतं. मागे आजी आणि आत्या, शाल पांघरून. काचा बंद, कारण आजीला वारा सोसत नाही. मी हीटरचा पंखा लावला. माझ्याकडची काच दोन बोटं उघडी, कारण पुढची काच धुरकटत होती.

घाट उतरलो. हर्सूलच्या अलीकडे ट्रॅफिक जाम. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झालेला. वीस-पंचवीस मिनिटं जागेवर. इंजिन बंद केलं तर परत चालू होईल का ही धास्ती, म्हणून मी ते चालूच ठेवलं. चोकही थोडा ओढलेला.

आजी म्हणाली, "बाळा, डोकं लई जड झालंय रे." मी म्हणालो, घाटामुळे असेल. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, "मलाही कसंतरीच होतंय, मळमळतंय." मी आरशात बघितलं. आजी डोळे मिटून कलंडली होती. मला वाटलं झोपली. आत्यानं हलवलं तर ती "हूं" म्हणाली, पण डोळे उघडेना.

मी गाडी कडेला घेतली, चारही दारं उघडली, आजीला उचलून बाहेर आणलं. रस्त्याच्या कडेला टपरीवरच्या बाकावर बसवलं. पंधरा-वीस मिनिटांनी ती नीट बोलायला लागली. आत्याला उलटी झाली. मला थोडंसं डोकं दुखण्यापलीकडे काही नव्हतं.

कोविडपासून आत्याच्या पिशवीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. लावला. ९८. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, ऑक्सिजन एकदम मस्त आहे, पित्त झालं असेल.

मंडळी, या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तो ९८ चा आकडा मला फसवत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "दोघींना एकाच वेळी झालं? गाडीतून बाहेर आल्यावर बरं वाटलं?" मी हो म्हणालो. त्यांनी लगेच आजीला ऑक्सिजन लावला आणि रक्त तपासायला घेतलं. म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड.

हा वायू पेट्रोल अर्धवट जळलं की तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आणि साधा ऑक्सिमीटर रक्ताचा लाल रंग बघतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालच असतं. त्यामुळे माणूस गुदमरत असला तरी मशीन ९८ दाखवू शकतं. खरं कळतं ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीत. आजीच्या तपासणीत ते निघालं. संध्याकाळपर्यंत तिला ऑक्सिजनवर ठेवलं, मग घरी सोडलं. आज ती ठणठणीत आहे, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही काळजी करणार नाही.

गाडी मी एकट्यानं, सगळ्या काचा उघड्या ठेवून परत आणली. चाचांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि बोट ठेवलं. दोन नंबरच्या तोंडापाशी फ्लेंजच्या कडेला काळ्या काजळीचा पंखा उमटला होता. गॅस्केटमधून धूर फुंकला जात होता. "टिकटिक ऐकू येत नव्हती का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, येत होती. मला आवडत होती.

मग आम्ही उलगडा केला, आणि यातली प्रत्येक पायरी माझी होती.

पहिली. ए-१२ मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असतात, एकाला एक खेटून. काही ठिकाणी एकच स्टड, त्यावर एकच मोठा वॉशर, आणि तो वॉशर अर्धा इनटेकवर, अर्धा एक्झॉस्टवर दाबतो. म्हणून दोन्हीच्या फ्लेंजची जाडी सारखी लागते. माझी ६ मिलिमीटर, इनटेकची त्याहून जास्त. वॉशर तिरका बसला. इनटेक घट्ट, हेडर सैल. शिवाय पातळ प्लेट वेल्डिंगच्या उष्णतेनं किंचित वाकलेली.

दुसरी. कंपनीच्या रचनेत इनटेकचं बूड एक्झॉस्टच्या बिडावर टेकलेलं असतं. त्या उबेनं पेट्रोलची वाफ होते. मी तो गोळा काढला, ऊब गेली. थंडीत पेट्रोल थेंब-थेंब राहायला लागलं, म्हणून गाडी बंद पडत होती, म्हणून मी चोक ओढून ठेवत होतो. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. म्हणजे अर्धवट जळणं. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कितीतरी जास्त.

तिसरी. गाडी पळत असताना बॉनेटखालची हवा मागे वाहून जाते. जागेवर उभी असताना ती तिथेच साचते, आणि काचेखालच्या जाळीतून हीटरचा पंखा तीच हवा आत ओढतो. मी पंखा लावला होता. माझ्यापाशी काच उघडी होती, मागे बंद.

बघा, यातली कुठलीही एकच गोष्ट असती तर कदाचित काहीच झालं नसतं. तिन्ही एकत्र आल्या.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळायला हवं होतं. नवीन कंपनीत गेलं की जुन्या कोडमध्ये एखादी वेडीवाकडी ओळ दिसते. आपण म्हणतो, कुणी लिहिलंय हे, आणि उडवून टाकतो. दोन दिवसांनी पेमेंट बंद पडतं. ती ओळ कशासाठी होती, हे विचारायचं राहिलेलं असतं. तो बिडाचा गोळा तसाच होता. मला त्याच्यात फक्त धुराचा रस्ता दिसला. तो पेट्रोल गरम करत होता, इनटेकला जोड देत होता, आवाज दाबत होता. चाचांचा प्रश्न पुन्हा आठवा: "तकलीफ काय आहे गाडीला?" आमच्याकडे डिझाइन रिव्ह्यूमध्ये नेमका हाच पहिला प्रश्न विचारतात.

जुना मॅनिफोल्ड शेडमध्ये होता. मध्ये एकदा भंगारवाला आला होता, काकू वजनावर देणार होती, पण त्याचा काटा बिघडलेला निघाला. नशीब! चाचांनी त्याचा फेस मशीनवर सपाट करून घेतला, नवे स्टड, नवं गॅस्केट, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले. दोन-तीनदा इंजिन गरम-थंड झाल्यावर पुन्हा आवळले. गाडी शांत झाली. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते. चौका घाटात परत १०.४ च्या आसपास.

आता मला माहितीय, तुमच्यातले काही जण म्हणतील, भाऊ, हेडर वाईट का? नाही. हेडर वाईट नाही. माझा वाईट होता. तुम्हाला करायचाच असेल तर हे बघा.

फ्लेंज जाड घ्या, शेजारच्या इनटेकच्या जाडीला जुळणारी, आणि वेल्डिंग झाल्यावर मशीनवर सपाट करून घ्या. इनटेकची ऊब जाणार असेल तर त्याची सोय काय, हे आधी ठरवा. कार्ब्युरेटर परत ट्यून करा, पीयूसी मशीनवर सीओचा आकडा स्वतः बघा. आपल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला ३ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तो आकडा फक्त सर्टिफिकेटपुरता नसतो. लीक तपासायला थंड इंजिनावर सायलेन्सरमधून ब्लोअरनं हवा मारा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की कळलं. थंड गाडी सुरू केल्यावर टिकटिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, तर ती स्पोर्टी नाही, गॅस्केट आहे. आणि आवाजाचं म्हणाल, तर आपल्या राज्यात पोलिस बदललेले सायलेन्सर जप्त करून रोलरखाली घालतात, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिलेत.

आणि गाडी कुठलीही असो, नवी असो, जुनी असो: गाडीत बसलेल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर घाटाला, पित्ताला दोष देऊ नका. इंजिन बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. सरळ दवाखाना, आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की गाडीत बसलो होतो.

माझा हेडर आता शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय. दिसतो मात्र भारी. चाचा आले की त्याच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

आजीला मी सगळं खरं सांगितलं. म्हटलं, आजी, माझ्या हौसेपायी झालं हे. ती म्हणाली, "हौस असू दे रे. पण आधी इचारत जा." परवा तिला परत तपासणीला नेलं, त्याच गाडीतून. ती यायला तयार झाली, याचंच मला अप्रूप. पुढच्या सीटवर बसली. वारा सोसत नसताना काच अर्धी खाली केली, आणि हर्सूल येईपर्यंत तशीच ठेवली. मी काही बोललो नाही. हीटर बंद ठेवला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर या रविवारी बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन गॅस्केटच्या कडेला काजळी दिसते का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. काही सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.